पडशी पाठीवर : सुरत आणि व्हेनिस

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत सुरत येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे वाचकांची सेवा करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. या ग्रंथालयाच्या प्रवासवर्णनांच्या कपाटाशी माझी मैत्री जुनी आहे. त्या कपाटासमोर जमणाऱ्या आम्हा चार मित्रांनी २०२४ सालच्या ऑक्टोबरमध्ये पाठीवर एकेक सॅक अडकवून व्हेनिस शहर पाहिले. सहल कंपनी नाही, वाटाड्या नाही, तारांकित हॉटेल नाही. परत आल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातो : "किती स्वस्तात झाले?" सुरतेत हा प्रश्न विचारला जाणारच, हिशेब हा या गावाचा धर्म आहे. पण जमेच्या बाजूइतकाच नावेच्या बाजूचाही विचार व्हावा, असे मला वाटते. कमी पैशांत परक्या शहरी राहणारा मनुष्य त्या शहराकडून पुष्कळ घेतो. त्याच्या बदल्यात तो काय देतो? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

अशा प्रवासासाठी अलीकडे इंग्रजीतून नवे नाव आले असले, तरी ही रीत आपल्याला नवी नाही. आपल्या भाषेत तिचा सगळा संसार नांदतो आहे. पडशी, वळकटी, शिदोरी, शिधा, मुक्काम, धर्मशाळा, अन्नछत्र, माधुकरी या शब्दांना श्रीमंतीचा वास नाही. पंढरीची वाट चालणारी दिंडी म्हणजे मित्रमंडळींनी काटकसरीने केलेला प्रवासच. तेथे स्वयंपाकाची कामे वाटलेली असतात, सामान मोजकेच असते आणि रात्रीचा आसरा गावाच्या भरवशावर असतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, ते कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेत बंडाचा वणवा पेटला, मिळविलेले द्रव्य लुटले गेले, आणि घरी परतताना त्यांनी आणली ती गंगेची कावड. पण त्याहून मोठी ठेव मागाहून हाती लागली. त्यांनी लिहून ठेवलेला 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला आणि झाशीच्या त्या दिवसांचे एका सामान्य भिक्षुकाच्या डोळ्यांनी पाहिलेले चित्र महाराष्ट्राला मिळाले. गरीब प्रवाशाने समाजाचे ऋण कसे फेडावे, याचे हे आपल्या घरातले उदाहरण आहे.

आता दोन परक्या प्रवाशांची ओळख करून देतो. दोघांचाही व्हेनिसशी आणि दोघांचाही आपल्या सुरतेशी संबंध आहे.

पहिला टॉमस कोरिएट. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील ओडकॉम्ब गावचा हा गृहस्थ राजपुत्र हेन्रीच्या दरबारी विदूषकासारखा वावरत असे. १६०८ सालच्या मे महिन्यात तो युरोप पाहण्यास निघाला. काही मजल गाडीने वा होडीने आणि पुष्कळशी पायी अशी मारत तो व्हेनिसला पोहोचला आणि तेथे सुमारे सहा आठवडे राहिला. त्याची जिज्ञासा एखाद्या मुलासारखी होती. तो इमारती मोजी, शिलालेख उतरून घेई. रंगभूमीवर स्त्रियांना काम करताना त्याने तेथेच प्रथम पाहिले. यहुद्यांच्या वस्तीत एका धर्मगुरूशी वाद घालून त्याने स्वतःवर असा प्रसंग ओढवून घेतला, की इंग्लंडच्या वकिलाला त्याची सुटका करावी लागली. इटालियन लोक जेवताना काटा वापरतात, कारण सर्वांचीच बोटे सारखी स्वच्छ नसतात, असे त्याने मोठ्या नवलाने नोंदविले आहे. स्वदेशी परतल्यावर तो स्वतः काट्याने जेवू लागला, तेव्हा मित्रांनी त्याची टर उडविली. आज काटाचमचा म्हणजे साहेबी रीत असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की त्या काळी साहेबही बोटांनीच जेवत होता. १६११ साली त्याचा प्रवासग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या जोड्यांनी ही वाट तुडविली, ते त्याने गावच्या चर्चमध्ये टांगून ठेवले.

तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. १६१२ साली तो पूर्वेकडे निघाला. कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम, अलेप्पो आणि तेथून काफिल्यांच्या सोबतीने इराणमार्गे तो जुलै १६१५ मध्ये अजमेरला जहांगीर बादशहाच्या छावणीत दाखल झाला. अलेप्पोपासून अजमेरपर्यंतच्या दहा महिन्यांत त्याचे अवघे तीन पौंड खर्च झाले, आणि त्यातही दहा शिलिंग ठकांनी लांबविले, असा हिशेब त्याने घरी पत्राने कळविला. कित्येक ठिकाणी दिवसाला एका पेनीत त्याचा गुजारा होई. येथे बसलेल्या हिशेबनीसांनी या आकड्याला हात जोडावेत.

पण माझ्या दृष्टीने त्या खर्चाहून मोलाची गोष्ट निराळी आहे. त्याने तुर्की, अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी या भाषा वाटचालीत आत्मसात केल्या. इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याकडे एक धोबीण होती. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालू असे. कोरिएटने एके दिवशी तिच्याच भाषेत तिच्याशी असे भांडण मांडले, की सकाळी आठच्या सुमारास ती निरुत्तर झाली. रोचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. ज्याला परक्या भाषेत भांडता येते, त्याला ती भाषा आली असे खुशाल समजावे. पुढे झरोक्यात बसलेल्या बादशहासमोर उभे राहून त्याने फारसीत भाषण केले आणि बादशहाने वरून शंभर रुपये खाली सोडले. इंग्रजाने अशी याचना केल्यामुळे राष्ट्राची अप्रतिष्ठा झाली म्हणून रो त्याच्यावर रागावला. पण खिसा रिकामा झालेल्या कोरिएटने त्याला असे सडेतोड उत्तर दिले, की वकीलसाहेब गप्प बसले.

१६१७ च्या अखेरीस प्रकृती ढासळलेल्या अवस्थेत तो सुरतेस आला. येथील इंग्रज व्यापाऱ्यांनी आपुलकीने त्याला मद्य पाजले, त्याने अतिसार बळावला आणि डिसेंबर महिन्यात तो येथेच वारला. सुवालीच्या किनाऱ्याकडची एक घुमटाकृती समाधी परंपरेने त्याची मानली जाते. व्हेनिस पायी पाहणारा प्रवासी आपल्या तापीकाठच्या मातीत मिसळला, ही गोष्ट सुरतेच्या फार थोड्या रहिवाशांना ठाऊक आहे.

दुसरा प्रवासी खुद्द व्हेनिसचा. निकोलाओ मनुची हे नाव शिवचरित्राच्या वाचकांना अपरिचित नाही. १६५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, हा मुलगा घरी न सांगता एका जहाजात लपून बसला. जहाजावरच्या एका इंग्रज उमरावाने, लॉर्ड बेलोमाँटने, त्याला पदरी घेतले आणि तुर्कस्तान व इराण ओलांडून जानेवारी १६५६ मध्ये ही मंडळी सुरत बंदरात उतरली. त्याच वर्षी तो उमराव वारला आणि हिंदुस्थानात मनुची एकटा पडला. मग दारा शुकोहच्या तोफखान्यात चाकरी, मिर्झाराजा जयसिंगाच्या छावणीत वास्तव्य, पुढे वैद्यकी, असे त्याचे आयुष्य गेले. १६६५ साली जयसिंगाच्या छावणीत त्याची शिवाजी महाराजांशी गाठ पडली व बोलणे झाले, असे तो सांगतो. सुरत म्हटली की मराठी मनाला १६६४ साल आठवते. पण त्या सालाच्या आठ वर्षे आधी, पुढे महाराजांना भेटणारा हा व्हेनिसचा मुलगा याच बंदरात पाय ठेवता झाला होता. तो मायदेशी कधीच परतला नाही. परतला तो त्याचा ग्रंथ. त्याच्या 'स्तोरिया दो मोगोर'ची हस्तलिखिते व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयात आहेत. ज. स. चौबळ यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद 'असे होते मोगल' आपल्या वाचकांना सुपरिचित आहे.

या दोघांजवळ पुरेसे पैसे नव्हते. त्यांना जगविले ते वाटेवरच्या काफिल्यांनी, सराया आणि मठांनी, भाविकांनी आणि कधी बादशहाच्या दानाने. सुरतेलाही या आतिथ्याची परंपरा होती. हाजीपूर येथील एखाद्या खेड्यात नव्हे, तर खुद्द आपल्या शहरात १६४४ साली हज यात्रेकरूंच्या उतरण्यासाठी भव्य मुघल सराई बांधली गेली. १८६७ पासून त्याच वास्तूत नगरपालिकेचे कामकाज चालू लागले. मुगलीसऱ्यात कर भरण्यासाठी रांगेत उभे राहिलेल्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल, की आपण एका धर्मशाळेच्या आवारात उभे आहोत? व्हेनिसमध्येही परदेशी व्यापाऱ्यांसाठी मोठमोठे वाडे होते. त्यांना 'फोंदाको' म्हणत; हा शब्द अरबी 'फुंदुक'वरून, म्हणजे सराई या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. तुर्कांचा वाडा आणि जर्मनांचा वाडा आजही मोठ्या कालव्याच्या काठी उभे आहेत. दोन्ही बंदरांना एकच गोष्ट कळली होती : पाहुण्याला छप्पर दिले तर बंदर नांदते.

आज काळ बदलला. कोरिएट कोणाच्या परवान्यावाचून हिंदुस्थानात आला. आम्हां चौघांना व्हेनिस पाहण्यासाठी नव्वद युरोंचे शुल्क, बँकेतील शिलकेचा दाखला, मुक्कामाच्या आरक्षणाची कागदपत्रे आणि किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा एवढे सादर करावे लागले. मला तक्रार करावयाची नाही. प्रत्येक राष्ट्राला आपले दार सांभाळण्याचा अधिकार आहे. मात्र पडशी घेऊन निघण्यासाठी आधी तिजोरी दाखवावी लागते, हा या काळाचा विनोद आहे.

आमच्या प्रवासाचे वर्णन मी थोडक्यात करतो. प्रश्न पहिला मुक्कामाचा. आमच्यातील एका मित्राचे म्हणणे असे, की खाडीपलीकडच्या मेस्त्रे या उपनगरात राहावे. तेथे खोल्या स्वस्त आणि आगगाडीने दहा मिनिटांत व्हेनिस. दुसऱ्याचे म्हणणे, मुक्काम बेटावरच हवा. बराच खल होऊन आम्ही ज्युदेक्का बेटावर एका हॉस्टेलात सामाईक खोलीत खाटा घेतल्या. तेथे स्वयंपाकघर होते. रियाल्टोच्या बाजारातून भाजी आणायची, घरून नेलेल्या भाजणीची थालीपिठे लावायची, शेंगदाण्याच्या चटणीची पुडी सोडायची, असा बेत. थालीपिठाचा वास दरवळला तेव्हा शेजारच्या खाटेवरचा पोर्तुगीज विद्यार्थी चौकशीला आला आणि जेवूनच गेला.

शहरात पायी हिंडावे हे उत्तम, कारण तेथे मोटारी नाहीत. शंभराहून अधिक बेटे, चारशेहून अधिक पूल आणि माणसाला बरोब्बर चकवणाऱ्या गल्ल्या. पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक नळ ठिकठिकाणी वाहत असतात. गोंडोला या शोभेच्या नावेचा अर्ध्या तासाचा सरकारी दर नव्वद युरो. पण मोठा कालवा ओलांडण्यासाठी 'त्रागेत्तो' नावाची तर असते, ती दोन युरोंत पैलतीरी पोहोचवते. तापीवर पूल झाले नव्हते तेव्हाच्या होड्यांची आठवण वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आम्हाला ती तर घरचीच वाटली.

खरे व्हेनिस आम्हाला संध्याकाळी दिसले. दिवसाकाठी येणारे प्रवासी सहा-सात वाजता परत फिरतात. मग चौकात मुले चेंडू खेळू लागतात, म्हाताऱ्या बाया बाकांवर येऊन बसतात, खिडक्यांतून भांड्यांचे आवाज येतात. सुरतेच्या जुन्या शेरीत उन्हाळ्याच्या रात्री ओट्यावर बसणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही.

पण त्या चौकांत मुले थोडी होती. रियाल्टो पुलाजवळ एका औषधांच्या दुकानाच्या खिडकीत २००८ पासून एक विजेचा फलक लावलेला आहे. त्यावर जुन्या शहरातील रहिवाशांची संख्या झळकते. १९५१ साली ती सुमारे पावणेदोन लाख होती. २०२२ साली ती पन्नास हजारांच्या खाली गेली. घरे पर्यटकांच्या खोल्या झाल्या, किराण्याच्या जागी मुखवट्यांची दुकाने आली, भाडी आवाक्याबाहेर गेली आणि माणसे मेस्त्रेकडे निघून गेली. एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्या पाहुण्यांकडून शहर पाच युरो प्रवेशशुल्क घेऊ लागले. २०२५ साली आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांना ते दहा युरो झाले.

या फलकासमोर उभे राहिले म्हणजे स्वस्त प्रवासाचा अभिमान थोडा उतरतो. श्रीमंत प्रवासी गर्दी करतो हे खरे. पण तो निदान मुक्कामाचे पैसे मोजतो. शिदोरी बाहेरून आणणारा, पाणी नळाचे पिणारा, कचरा तेथेच टाकणारा आणि संध्याकाळी चालता होणारा प्रवासी शहराच्या पदरात काय टाकतो? जुलै २०१९ मध्ये पाठीवर सॅक घेऊन आलेल्या दोन जर्मन प्रवाशांनी रियाल्टो पुलाच्या पायऱ्यांवर स्टोव्ह पेटवून कॉफी केली. नगरपालिकेने त्यांना साडेनऊशे युरो दंड केला आणि शहराबाहेर जाण्यास सांगितले. दंड जबर वाटेल. पण कोणी पाहुण्याने आपल्या घराच्या उंबऱ्यावर चूल मांडली, तर आपण काय म्हणू?

येथे आणखी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. काटकसर आणि दारिद्र्य या दोन गोष्टी एक नव्हेत. आमची काटकसर हौसेची होती; परतीचे तिकीट खिशात होते. ताप्ती व्हॅलीच्या गाडीने खानदेशातून एक पिशवी घेऊन उधन्यास उतरणारा तरुण, किंवा ओडिशाहून येऊन यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा आणि एकाच खोलीत इतरांशी पाळीपाळीने झोपणारा कामगार, हासुद्धा स्वस्तातच प्रवास करतो. त्याच्या प्रवासाला कोणी साहस म्हणत नाही. व्हेनिसच्या हॉस्टेलातील सामाईक खोलीचे कौतुक करणाऱ्या आपण लिंबायतच्या खोलीकडे नाक मुरडून पाहिले, तर आपण काहीच पाहून आलो नाही. परक्या गावी अनोळखी माणसाने हसून वाट दाखवली की आपला जीव निवतो. तोच अनुभव आपल्या गावी आलेल्यास देणे, हा ऋणफेडीचा पहिला हप्ता आहे.

दुसरा हप्ता वेळेचा. एका शहरात सात रात्री राहावे. सात दिवसांत सात शहरे गोळा करू नयेत. वस्तीत राहावे, बाजारहाट तेथल्या माणसांकडून करावी. तिसरा हप्ता भाषेचा. निदान शंभर शब्द शिकून जावे. कोरिएट भांडण्याइतकी भाषा शिकला. आपण नमस्कार-चमत्काराइतकी तरी शिकू शकतो. भाजीवाल्या बाईला तिच्या भाषेत "शुभ प्रभात" म्हणताच तिच्या चेहऱ्यावर उमटणारा फरक पैशांनी विकत मिळत नाही.

आणि चौथा हप्ता लेखनाचा. व्हेनिस हे पुस्तकांचेही शहर आहे. कार्डिनल बेसारियन याने १४६८ साली आपला ग्रंथसंग्रह व्हेनिसच्या प्रजासत्ताकाला अर्पण केला, त्यातून मार्चियाना ग्रंथालय उभे राहिले. आल्दो मानुत्सिओ या मुद्रकाने १५०१ पासून अभिजात ग्रंथ हातात सहज मावतील अशा छोट्या आकारात छापण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वी ग्रंथ मेजावर ठेवून वाचावे लागत. आता ते पडशीत घालून नेता येऊ लागले. वाचक आणि वाटसरू यांची सोयरीक तेथे अशी जुळली. मनुचीचे कागद जपून ठेवणारे ग्रंथालय नसते, तर व्हेनिसचा एक पळपुटा मुलगा एवढीच त्याची गोष्ट राहिली असती. आणि तीही कोणी सांगितली नसती. गोडसेभटजींनी लिहिले नसते, तर त्यांची कावड तेवढी घरच्यांना आठवली असती.

म्हणून या शताब्दीच्या निमित्ताने विश्वस्तांना माझी एक नम्र सूचना आहे. ग्रंथालयाने प्रवासाची एक वही ठेवावी. जो सभासद गाव सोडून कोठेही जाऊन येईल, मग ते व्हेनिस असो, मुक्ताईनगर असो वा नंदुरबार, त्याने त्या वहीत चार पाने लिहावीत. खर्चाचा आकडा जरूर लिहावा. पुढच्याला उपयोगी पडेल. पण कोणी आसरा दिला, कोणी वाट दाखवली, कोणते नवे शब्द मिळाले आणि आपण तेथे काय देऊन आलो, हेही लिहावे. सुरतेत नव्याने आलेल्या मराठी कामगार बंधूंनाही बोलावून त्यांच्या येण्याची हकीकत त्यात नोंदवून घ्यावी. ज्यांना लिहिता येत नसेल त्यांचे लेखनिक होण्याचे काम आम्ही चौघे आनंदाने करू. पहिली चार पाने व्हेनिसची, ती मी सोबत आणली आहेत आणि अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे.

 या ग्रंथालयाचे दार पुढची शंभर वर्षे वाटसरूंसाठी उघडे राहो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.